मोजपट्टी धरणारा हात

हॉस्पिटलच्या जुन्या कागदपत्रांच्या खिडकीशी माझ्यापुढे एक आजी होत्या. आत कारकून.

"पेशंटचं नाव, आजी?"

"पेशंट नाही रे, माझे वडील. इथेच कंपाउंडर होते. ऑपरेशनआधी गाठीचा फोटो काढायचे ना, तेव्हा शेजारी मोजपट्टी धरायचे."

"मग शोधू कसं? फोटोंच्या या जुन्या काचांवर आजाराचं नाव आहे, सर्जनसाहेबांचं आहे. पट्टी धरणाऱ्याचं कोण लिहितंय?"

"अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं असेल. उजेडात धरून बघ तरी."

"थांबा... हा का?"

"हाच. हेच नख."

"आजी, पाणी देऊ?"

"नको. असे किती आहेत?"

"या पेटीत तरी बहुतेक सगळ्या काचांवर हाच हात आहे. चेहरा मात्र एकातही नाही. घरी नाही का एखादा फोटो?"

"आमचा कोण काढणार?"

"मग नुसता हात नेऊन काय करणार?"

"आई गेल्यावर माझी वेणी तेच घालायचे. मी त्यांच्याकडे पाठ करून बसायचे. चेहरा केव्हाच पुसट झाला रे. पण हे नख रोज माझ्या केसांत अडकायचं, आणि मी ओरडायचे त्यांच्यावर."