कंपनीच्या खोक्यातला लोकल पार्ट

आदरणीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरची वडीलधारी मंडळी, बोटमालक संघाचे चिटणीससाहेब, ज्यांच्यासाठी आज मधली खुर्ची मांडली आहे ते आमचे इंजिनमिस्त्री काका, आणि समोर बसलेल्या माझ्या भावांनो, जावांनो, लेकीबाळींनो,

मला बोलायची सवय नाही. मॅट्रिक झाले, त्यानंतर माईकपुढे आजच उभी राहते आहे. बायकांच्या वतीनं चार शब्द बोला म्हणाले, म्हणून घरून कागद लिहून आणला होता. तो आता घडी करून ठेवते. का, ते सांगते.

काकांचं कौतुक मी काय करावं? इंजिनाच्या अंगावर हात ठेवून त्याचं दुखणं सांगणारा हा माणूस. सासरे होते तेव्हापासून आमची बोट त्यांच्याच हाताखाली. बोटीचं सामान आणायला मी जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. काका चिडवायचे, "सूनबाईंच्या मुठीतून पैसा सोडवायला आधी तेल घालावं लागतं." हसा, हसा, खोटं नाही ते. पण कंपनीचंच घ्या असा हट्ट त्यांनी सरसकट कधी धरला नाही. मी एकदा विचारलं, "काका, ओरिजिनल कुठं घ्यायचं आणि लोकल कुठं चालेल?" तर म्हणाले, "जे मोडलं तरी बोट घरी येते, ते चार दुकानं बघून बाहेरचं घ्या. जे मोडल्यावर बोट घरी येत नाही, ते कंपनीचंच." इतकं सोपं करून कुणी सांगतं का हो? ऑइल फिल्टर त्यांनी बाहेरचाही बसवला. पण समुद्राचं पाणी ओढून इंजिन गार ठेवणारं पंपातलं ते रबरी चक्र, इम्पेलर, तो मात्र कंपनीचाच.

आत्ताच चिटणीससाहेब मोठ्या मनानं म्हणाले, "शेवटी शेवटी मिस्त्रींच्या हातून एक चूक झाली, ती आपण विसरून जाऊ." टाळ्याही पडल्या. त्या टाळ्या मला बसू देईनात.

ती चूक मिस्त्रींची नव्हती. माझी होती.

मागच्या हंगामात मी बाजारातून लोकल इम्पेलर आणला. दिसायला हुबेहूब, किंमत तिसरा हिस्सा. काका हातात धरणार नाहीत, हे माहीत होतं. जुन्या इम्पेलरचं कंपनीचं खोकं मी टाकलं नव्हतं, त्यात बटणं ठेवली होती. बटणं काढली, लोकल पार्ट आत ठेवला, झाकण चिकटवलं. काकांचे डोळे आताशा मंदावलेले. त्यांनी खोक्यावर विश्वास ठेवला. खोक्यावर कशाला, माझ्यावर ठेवला. मी मात्र देवापुढे बसून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. भर समुद्रात चक्राची पाती तुटली, पाणी थांबलं, इंजिन तापून जाम झालं. आमचे हे आणि धाकटे दीर अख्खा दिवस वाहत होते. मी धक्क्यावर उभी. देवाचं नाव घ्यायला तोंड उघडेना, त्यानं तर सगळं पाहिलेलं.

बोट ओढून आणली. काकांनी सगळ्यांदेखत पंप उघडला, तुकडा बोटांत चेपून पाहिला आणि खिशात टाकला. म्हणाले, "माझ्याच हातून बसवताना चूक झाली." दुसऱ्या दिवशी घरी आले. मोडलेला पार्ट घरच्यांच्या हातात द्यायची त्यांची रीतच आहे. माझ्या हातावर ठेवून हळूच म्हणाले, "सूनबाई, घरात बोलू नका. मिस्त्री दुसरा मिळतो. नवऱ्याचा बसलेला विश्वास एकदा उठला, की परत बसवायला मिस्त्री मिळत नाही."

आणि मी गप्प बसले. तुम्ही म्हणत होता, म्हाताऱ्याचा हात गेला. एकेक बोट दुसऱ्या मिस्त्रीकडे गेली. मी बघत होते.

आज हे सांगून काय उपयोग? काकांची शेड रिकामी झाली, हत्यारं विकली गेली, उद्या सकाळी ते लेकीकडे जाणार. माझ्या बोलण्यानं त्यातलं काही परत येत नाही. काका, मला बसा म्हणून खुणावू नका. आणि अहो, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसला आहात, तुम्हाला घरी गेल्यावर काय सांगावं, तेही मला सुचत नाही.

चिटणीससाहेब, इतिवृत्तात एवढी ओळ लिहा, की चूक मिस्त्रींची नव्हती. कुणाची होती, तेही लिहा.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. केल्याची क्षमा मात्र तुमच्याकडे मागून भागायचं नाही. ज्यांच्याकडे मागायची, ते मघापासून "झालं, झालं" म्हणताहेत.

झालं नाही, काका.