चपलांच्या कपाटातला शिक्का

स्नेहलता : दुसरा परिच्छेद पुन्हा वाच.

हेमचंद्र : तीनदा वाचलंय, लता.

स्नेहलता : चौथ्यांदा वाच. सही मी करणार आहे.

हेमचंद्र : 'पत्र आलं त्या दिवशी घरी कोणी नव्हतं. पोस्टमनने दारात टाकलेली जपानी चिठ्ठी मी, भाषा येत नसल्यामुळे, जाहिरात समजून जळाऊ कचऱ्यात टाकली. पत्र आठवडाभर पोस्टात पडून परत गेलं.' इंग्रजीत जरा बरं वाटतं.

स्नेहलता : इंग्रजीतही मी अडाणीच आहे.

हेमचंद्र : तुला तेव्हा जपानी येत होतं का?

स्नेहलता : नव्हतं. कचरा कळत होता. उरायासुत कागद जळाऊत टाकत नाहीत, कागदाचा दिवस वेगळा असतो. पहिल्याच महिन्यात खालच्या म्हाताऱ्या बाईने माझी पिशवी परत दारात आणून ठेवली होती.

हेमचंद्र : लष्कराला तुझा कागदाचा दिवस माहीत नाही. तू उद्या दहा वाजता वकिलातीत चल, त्यांच्यासमोर सही कर, दुपारी मी तोयोसुच्या पोस्टातून पाठवतो. शुक्रवारी कऱ्हाडला पोचेल. आबा सोमवारी युनिटला जाऊन साहेबांच्या हातात देणार. अठ्ठावीसला साहेबांची बदली आहे. नवीन माणूस चार वर्षांपूर्वीची फाइल कशाला उघडेल?

स्नेहलता : आबा आधी वाचतील.

हेमचंद्र : वाचतील की. रिटायर्ड सुभेदार आहेत, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचतात. तुला त्याचं काय?

स्नेहलता : काही नाही. नाही केला अर्ज तर काय होईल?

हेमचंद्र : हे आता विचारतेस?

स्नेहलता : विचारलं.

हेमचंद्र : पुण्याची नोकरी जाईल. त्या कंपनीकडे संरक्षण खात्याचं काम आहे. फॉर्मवर सरळ प्रश्न होता, पूर्वी वर्दीत होतात का? मी हो लिहिलं. आता ते माझं डिस्चार्जचं पुस्तक मागतायत. नऊ वर्षं टेरिटोरियल आर्मीत काढली मी. दोन महिने वर्दी, दहा महिने कीबोर्ड. नेमबाजीत दोनदा पहिला आलो. आणि पुस्तकात काय लिहिलंय? 'सेवेची गरज उरली नाही. कॅरॅक्टर : इन्डिफरंट.' ह्याला मराठीत काय म्हणतात ठाऊक आहे?

स्नेहलता : बेफिकीर.

हेमचंद्र : बेफिकीर. कॅम्पला बोलावल्याचं पत्र, तेही न मिळालेलं, त्याला उत्तर दिलं नाही म्हणून. आता सांग, करू नको अर्ज?

स्नेहलता : हळू बोल, नुपूर झोपलीय.

हेमचंद्र : आणि नोकरी राहू दे बाजूला. आबा चार वर्षं पंधरा ऑगस्टला मैदानावर गेले नाहीत. मिलिटरी कँटीनमधलं सामान शेजाऱ्याकडून मागवतात. मला एका शब्दाने कधी विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्नेहलता : तू सांगितलंस ना त्यांना, पत्र मिळालंच नाही म्हणून?

हेमचंद्र : फोनवर सांगितलं. 'बरं' म्हणाले आणि आईच्या हातात फोन दिला. आण ते फोनचं कार्ड. इथे सुट्टी असली तरी तिथे ऑफिस चालू आहे, सकाळचे साडेदहा वाजलेत. दिगंबरकाका फाइल काढून बसणार होते.

स्नेहलता : कार्डात अकराच मिनिटं आहेत. उद्या लाव.

हेमचंद्र : अकरा पुष्कळ झाली. स्पीकरवर टाकतो, तूही ऐक.

(फोन लागतो. पलीकडे टाइपरायटरचा आवाज आहे. दिगंबरकाका युनिटचे जुने कारकून, आबांच्या हाताखाली उमेदवारी केलेले.)

दिगंबरकाका : बोल रे जपानी. सूनबाई हायत का जवळ?

स्नेहलता : नमस्कार काका.

दिगंबरकाका : नमस्कार, नमस्कार. बर्फ पडला का न्हाई तिकडं?

हेमचंद्र : काका, मिनिटं कमी आहेत. फाइल मिळाली?

दिगंबरकाका : म्होरंच हाय. वाळवीनं एक कोपरा खाल्लाय, बाकी जशीच्या तशी. साहेबांशी बोललो. म्हणाले, पोरगा चांगला होता, वर पाठवतो, शेरा 'गुड'पर्यंत नेता येईल. पण एक अट घातली. कागद फाइलशी जुळला पाहिजे. तू काय लिवलंयस?

हेमचंद्र : घरी कोणी नव्हतं. चिठ्ठी पडली, हिला वाचता आली नाही, कचऱ्यात गेली. पत्र पोस्टातून परत गेलं.

दिगंबरकाका : घरी कोण नव्हतं?

हेमचंद्र : कोणी नव्हतं.

दिगंबरकाका : मग पाकिटावर हे काय डकवलंय?

हेमचंद्र : काय डकवलंय?

स्नेहलता : अहो, कार्ड संपेल. काकांना पत्राने विचारू आपण.

हेमचंद्र : थांब गं. काका, काय आहे?

दिगंबरकाका : बोटभर कागद हाय. चार ठसठशीत अक्षरं, जपानीच असणार. पोस्टाचा काळा ठप्पा तारखेचा, त्यो येगळा. आन खाली लाल गोल शिक्का, टिकलीयेवढा. जुन्या साहेबांनी तवाच पुण्याच्या एका जपानी शिकवणाऱ्या बाईंकडनं वाचून घेतलं हुतं. त्यांच्या अक्षरात शेरा हाय, 'घेण्यास नकार दिला.'

हेमचंद्र : शक्य नाही. पोस्टाने चूक केली असणार.

दिगंबरकाका : पोस्ट कशाला शिक्का मारंल तुझ्या बदली? ह्यात नाव हाय बघ. उभी चार अक्षरं. वरच्या अक्षराच्या डोक्यावर दोन बारक्या रेघा. तिसऱ्याच्या डोक्यावर शून्य, लई बारीक, भिंगातनं दिसतंय. ती बाई म्हणाली, 'गोरुपादे'. घोरपडे म्हणायला येत नसंल त्यांना.

हेमचंद्र : गोरुपादे.

दिगंबरकाका : म्हणून इन्डिफरंट लिवलं, पोरा. नुसता आला न्हाईस म्हणून कोण लिवत न्हाई. सरकारी पत्राला नकार, वर शिक्का मारून. जुने साहेब लई तापले हुते. तुला ठावं न्हवतं?

हेमचंद्र : मला कोणी सांगितलं नाही.

दिगंबरकाका : सुभेदारांना दाखवलं हुतं की. इथं आले हुते, ह्याच खुर्चीत बसले. पाकीट हातात घेतलं, बराच येळ बघितलं. मग म्हणाले, शिक्का माझ्या पोराचाच हाय. त्यानं सुट्टीला आला तवा दाखवला हुता मला, कवतिकानं. चा न घेता गेले.

स्नेहलता : काका, त्यांना...

दिगंबरकाका : काय सूनबाई?

स्नेहलता : काही नाही.

दिगंबरकाका : तर आता खोटं लिवून धाडू नगंस. म्या काय, झाकून टाकीन. साहेब पाकीट बघणार. शिक्का कुणी मारला, का मारला, त्ये सरळ लिव. खरं लिवलं तर मार्ग निगंल. आन लवकर, अठ्ठावीसला...

हेमचंद्र : कट झाला.

स्नेहलता : अकरा नव्हती मग. सातच असतील.

हेमचंद्र : आपला हांको, तो नावाचा शिक्का, कुठे असतो, लता?

स्नेहलता : तुला माहीत आहे.

हेमचंद्र : तू सांग.

स्नेहलता : चपलांच्या कपाटात. वरच्या खणात. पार्सल आलं की पटकन हाताशी यावा म्हणून तूच ठेवलास तिथे. स्टेशनसमोरच्या दुकानातून करून आणलास, वाटाण्याएवढ्या शिक्क्यात अख्खा मी मावतो म्हणालास. आठ दिवस सगळ्या कागदांवर मारत सुटला होतास. लाइट बिलावरसुद्धा.

हेमचंद्र : आणि तेव्हा घरात दोनच माणसं होतो आपण.

स्नेहलता : अडीच.

हेमचंद्र : लता.

स्नेहलता : हो, मी मारला.

हेमचंद्र : काय आहे ते न कळता? पार्सल समजून?

स्नेहलता : नाही. तेवढी पळवाट नको देऊस मला. पाकिटावर 'भारत सरकार सेवार्थ' छापलेलं होतं, ते मराठी माणसाला वाचता येतं. पोस्टमन पहिल्यांदा आला तेव्हा दाराच्या भिंगातून पाहिलं आणि उघडलं नाही. चिठ्ठी टाकून गेला. दोन दिवसांनी पुन्हा आला. तेव्हाही नाही. तिसऱ्यांदा आला आणि मी नेमकी कचरा ठेवून जिना चढत होते. समोरासमोर गाठ पडली. पाकीट दोन्ही हातांनी पुढे धरलं त्याने, वाकून. मी मान हलवली. त्याने हातांची फुली करून विचारलं, दामे? तेवढा शब्द मला येत होता, नको. दामे म्हटलं. मग त्याने कागद दिला, बोटाने जागा दाखवली. मी शिक्का आणला आणि मारला.

हेमचंद्र : माझ्या नावाचा.

स्नेहलता : या घरात दुसरा होता कुठे?

हेमचंद्र : का?

स्नेहलता : ते तुला खरंच माहीत नाही?

हेमचंद्र : तोंडाने सांग.

स्नेहलता : सातवा महिना. वार खाली आलीय, जिने चढू नका म्हणून डॉक्टरने चित्र काढून दाखवलं होतं. चौथा मजला, लिफ्ट नाही. आईचा व्हिसा आलेला नव्हता. माझी मैत्रीण सरिता तेव्हा नागोयाला होती, दुसरी ओळख नव्हती. रात्री रक्त दिसलं तर कोणता नंबर फिरवायचा ते तू भिंतीवर लिहून ठेवलं होतंस, पण फोन उचलणाऱ्याला काय सांगायचं ते लिहिलं नव्हतंस. आणि तू जेवताना काय म्हणालास? 'एक डिसेंबरचा कॅम्प आहे. पत्र आलं की जावं लागेल. दोन महिने.' ताकाची वाटी पुढे केलीस आणि म्हणालास, 'त्यात वाद नाही.'

हेमचंद्र : सुट्टी मागता आली असती. बायको बाळंतीण होणार म्हटल्यावर कोणीही दिली असती.

स्नेहलता : कोणीही दिली असती. तू मागितली असतीस? सुभेदार घोरपड्यांच्या मुलाने बायकोच्या पोटाचं कारण लिहून दिलं असतं? आबा तुझ्या जन्माच्या वेळी लेहला होते, ते तू मला लग्नाआधी सांगितलंस. अभिमानाने. तुझ्या आईला कसं वाटलं होतं ते सांगितलं नाहीस. बहुतेक कोणी विचारलंच नसेल.

हेमचंद्र : मला न विचारता केलंस.

स्नेहलता : तूही ठरवून मोकळा झाला होतास.

हेमचंद्र : चार वर्षं मी पोस्टाला शिव्या घातल्या, लता. आणि तू मला चहा करून देत होतीस.

स्नेहलता : हो.

हेमचंद्र : एकदाही नाही वाटलं सांगावं?

स्नेहलता : रोज वाटलं. आधी वाटलं, परत गेलं की दुसरं येईल, तोवर बाळ होईल, मग जा म्हणेन. दुसरं आलं ते थेट डिस्चार्जचं, कऱ्हाडला, आबांच्या हातात. तेव्हा नुपूर सोळा दिवसांची होती. तू ती ऑर्डर फोनवर ऐकून बाल्कनीत जाऊन उभा राहिलास, थंडीत, नुसत्या गंजीवर. त्या क्षणी सांगायला हवं होतं. नाही जमलं. मग जितके दिवस गेले तितकं अवघड झालं. मला वाटलं फक्त गैरहजेरी लागलीय. तुझ्या शिक्क्यामुळे तू स्वतः नकार दिलास असं होईल, हे डोक्यातच आलं नाही. इथे शिक्का म्हणजे घरातलं कोणीही, नाही का? पार्सल घेतात तसं.

हेमचंद्र : आबांनी ओळखला.

स्नेहलता : ते आत्ता ऐकलं मी. तुझ्याइतकंच पहिल्यांदा.

हेमचंद्र : मी लिहितो, मीच मारला. पत्रात काय आहे ते न समजून मारला.

स्नेहलता : कोण विश्वास ठेवील? नऊ कॅम्प केलेला माणूस युनिटचं पाकीट ओळखत नाही?

हेमचंद्र : मग अर्ज नको. इथेच राहू. तोयोसुची नोकरी आहे. बेफिकीर तर बेफिकीर. चार वर्षं होतोच.

स्नेहलता : आणि आबा?

हेमचंद्र : आबांच्या हातात तुझं नाव लिहिलेला कागद देऊ? पुण्याला गेलो की दर सणाला त्यांच्यासमोर वाढायला उभी राहशील तू. ते काही बोलणार नाहीत. बोलत नाहीत म्हणजे काय करतात, ते मी चार वर्षं पाहिलंय.

स्नेहलता : ते तुझ्या वाट्याला आलं, पण होतं माझं. मला मिळू दे.

हेमचंद्र : शहाणपण नको.

स्नेहलता : शहाणपण नाही. तो माणूस पाकीट घेऊन त्या खुर्चीत बसला आणि म्हणाला शिक्का माझ्या पोराचा आहे. ते मला ऐकवत नाही. आणि एक लिहू नकोस. चूक झाली, क्षमा असावी, ते नको. युनिटची क्षमा मी मागणार नाही. परत तसंच झालं तर परत मारीन. तुझी मागेन, नंतर. आबांचं बघू.

हेमचंद्र : राग आलाय मला. फार.

स्नेहलता : येऊ दे. रागातच लिही, जाईपर्यंत थांबलास तर अठ्ठावीस उजाडेल.

हेमचंद्र : सगळं पुन्हा टाइप करायला लागेल.

स्नेहलता : कर. जपानी येत नव्हतं, ते राहू दे, खरं आहे. जळाऊ कचरा काढ.

हेमचंद्र : काढला. 'घरी कोणी नव्हतं'?

स्नेहलता : तेही काढ.

हेमचंद्र : काढलं. त्या जागी काय लिहू?

स्नेहलता : मी घरी होते. एकटी.