खर्डीला जायचा बेत

नाताळच्या सुट्टीत कोण कुठं जाणार, हे गणिताच्या सरांनी वर्गात विचारलं, त्या दिवसाचं सांगते. मी उभी राहून म्हणाले, "खर्डीला, मावशीकडं."

"तिथं काय करणार?"

"काय नाय, सर."

"काय नाय कसं? अगो, मी खर्डीचाच! स्टेशनामागं घर आहे माझं. रोज सकाळी वही घेऊन ये, तुझं गणित पक्कं करून टाकू."

माझी सुट्टी उभ्या उभ्या संपली. मग सरांनी शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीला, संगीताला विचारलं, "आणि तू गो?"

संगीता उठली. माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी पण हिच्यासंगतीच खर्डीला जाणार होते, सर. पण आता नाय जात."