पालकाला रोज ताजं पाणी

हॅलो?… हां, मावशी… अगं बाल्कनीत आहे, हात ओले होते.

पाइपातला पालक? काही विचारू नकोस. पिवळा पडलाय. आधी खालची पानं, आता वरचीही… नाही, पंप चालू आहे. तू बसवलेले पाइपही गळत नाहीयेत, तुझी इज्जत शाबूत आहे.

हो, हो… अगं ऐक ना. काय झालं ते कळलंय मला. थांब, बाल्कनीचं दार लोटते, आई आत आहे.

आजोबा पाणी बदलतायत… पंपाच्या बादलीतलं गं. रोज. मी शाळेत गेले की खताचं पाणी मोरीत ओततात, बादली घासतात आणि नळाचं भरतात… आज शाळा लवकर सुटली, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. बादली अशी लख्ख की तोंड बघावं… हस, हस. मलाही आधी हसूच आलं.

अगं, पिवळट दिसतं ना ते, वासही येतो. स्वतःशीच पुटपुटत होते, रोज शिळं होतं हे. माती तर नाहीच, निदान पाणी तरी चांगलं मिळू दे बिचाऱ्यांना… म्हणजे रोपं उपाशी, पण आंघोळ रोज.

नाही बोलले. तुझेच बाबा ते, तूच सांग कसं बोलू… आणि आईने बजावलंय, रविवारपर्यंत पालक धड दिसला नाही तर पाइप खाली, कपड्यांची दोरी परत वर. तिला वाटतं मीच खत घालायला विसरते. आरंभशूर म्हणते मला… हो, खरं सांगितलं तर मी सुटते. पण ते अडकतात ना. त्यांच्या हातून गॅस चालू राहिला त्या दिवसापासून घरात एकच चाललंय. चहा करू? बाबा, तुम्ही बसा. भाजी चिरू? तुम्ही बसा. ही एक बादलीच काय ती राहिली होती त्यांच्याकडे…

मावशी, एक मिनिट.

आजोबा? कधी आलात?… मावशीशी बोलतेय… हो. तुमच्याबद्दलच.

…हॅलो. ऐकलं गं त्यांनी. सगळंच, बहुतेक. नुसते पानं चाचपतायत… नको, तू नको, मीच बोलते. फोन ठेवू नकोस.

आजोबा, ऐका ना. त्या पाण्यातच जेवण असतं त्यांचं. विरघळलेलं, म्हणून दिसत नाही… अहो, तुम्हाला कसं कळणार, मी सांगितलंच कुठे… मेला नाहीये हो. मधली कोवळी पानं बघा, हिरवी आहेत. आज खत मिळालं की धरेल… मला शाळेमुळे रोज बघता येत नाही. तुम्ही बघाल?… या दोन बाटल्या. एकदम नाही ओतायच्या. आधी ही, मग ढवळायचं, मग ती.

…आई? काही नाही गं… पाणी? ते मी चुकून…

मावशी, आजोबांनीच सांगून टाकलं. सरळ. ‘मी ओतत होतो, आता मीच भरणार’… नाही, ओरडली नाही. आता बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवतेय त्यांना… दोरीचं कोण विचारतंय आत्ता.

दोघं बादलीवर वाकलेत, आणि मला म्हणतात, तू बोल निवांत, तुझं इथे काही काम नाही… माझा पालक आहे तो, मावशी. ठेवते.