तिसऱ्या वर्षातली तार

नवागामच्या मगनकाकांचं तुम्हाला सांगितलं नसेल मी. आयुष्य कापडाच्या लूमवर गेलं, पण संक्रांतीला पतंगासाठी माणूस वेडा. आणि विजेची मोठी तार नेमकी त्यांच्याच घराच्या धाब्यावरून, म्हणजे गच्चीवरून गेलेली, पतंग चढवायची सोयच नाही. मी विजेच्या सरकारी ऑफिसात बजेटच्या कामाला, म्हणून संक्रांत आली की काका मलाच गाठायचे.

"आपली तार हलवायचं कोणत्या वर्षात धरलंय रे?"

"पाच वर्षांच्या बजेटात तिसऱ्या वर्षात आहे, काका."

पुढच्या संक्रांतीला म्हणाले, "म्हणजे आता दुसऱ्यात आली असेल."

"नाही काका. पाच वर्षांचं बजेट आम्ही दरसाल नव्यानं मांडतो. तार परत तिसऱ्यात गेली."

काका हसले. "बरं, मांजा तेवढा भरून ठेवतो."

असं बरीच वर्षं चाललं. यंदा पावसाळ्यात काका गेले. दिवाळीनंतर तार हलवली. मी सांगायला गेलो, तर काकींनी आत जाऊन मांज्यानं भरलेली फिरकी आणली आणि माझ्या हातात दिली.

"पाच-पाच वर्षांचं धरता तुम्ही, बाबा," त्या म्हणाल्या. "तवर माणूस पुरंल का, ते बी धरत जा."