शंभरातल्या चाळीस

गोरेगावच्या स्टँडवर हिंगोलीची जीप एका सीटसाठी अडून उभी होती. रेवतीला त्या दाटीत स्वतःला कोंबून घ्यायचं नव्हतं. मागून रिकामी जीप लागेपर्यंत ती खिडकीशीच थांबली. आत बाप-लेकीची हुज्जत चालली होती.

"शीतल, मी उतरतो. पेरणी झाली की जाऊ दवाखान्यात. मांडीची गाठ दुखतबी न्हाई."

"बसा बाबा. परवा तुमी ओल्या पोत्यातलं सोयाबीन मोजलं. शंभर दाण्यांतले किती उगवले?"

"ब्याऐंशी. बेस बियाणं हाय."

"गाठीचा तुकडा काढला, त्याचंबी लॅबवाल्यानं तसंच मोजलं. शंभर पेशींतल्या किती वाढून राहिल्या ते."

"मंग?"

"चाळीस."

"निम्म्याबी न्हाईत! असलं बियाणं मी वावरात नेत न्हाई."

"बाबा, कॅन्सर हाय तो. हे उगवूच नये म्हणून तर चाललो."

"...अन् पाच-सातच निघाल्या असत्या तर?"

"तर जरा दमानं घेतलं असतं, म्हणले डॉक्टर."

"अन् चाळीसला काय म्हणले? बरा होईन का मी?"

"ते आज सांगतील. दिवस वाया घालवू नका म्हणले."

"तुकडा काढून किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

"तीन आठवड्यांत सोयाबीन वीतभर होतं, पोरी... ओ डायव्हर, गाडी काढ ना! काहून बसून राहिला?"

"एक सीट भरू द्या की, काका."

तेवढ्यात मागची जीप येऊन लागली. सगळी रिकामी. रेवतीनं तिच्याकडे एकदा पाहिलं, पर्स छातीशी धरली आणि पुढच्या जीपच्या पायरीवर पाय ठेवला.

"सरका जरा. भरली सीट. काढा आता."