सल्लागारानं न दिलेला सल्ला

मंडळी, ऐका! आज एक साधा प्रश्न. दोन माणसांचं बोलणं तुटलं, तर ते जोडायला काय लागतं? अक्कल? ती तर आपल्याकडे पोत्यानं आहे! शेजाऱ्याला वाटायला कायम तयार! हसू नका, माझंही पोतं भरलेलंच आहे. मग इतकी अक्कल असून घराघरांत अबोला का?

विश्राम गुर्जर नावाचे एक गृहस्थ होते. सल्ला देणं हाच त्यांचा व्यवसाय! आज सरकारी कचेरी, उद्या कारखाना, परवा एखादी सेवाभावी संस्था — कुठं अडलं की यांना बोलावणं. कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेनं बोलावलं ते पाळणाघरासाठी.

बाजारात भाजी विकणाऱ्या बायांची लेकरं सांभाळायची, म्हणून ते पाळणाघर काढलं दोघी मैत्रिणींनी. शेवंताबाई लोंढे चुलीपाशी, हमीदाबी अत्तार पाळण्यांपाशी. जागा पालिकेची, माया या दोघींची!

एक दिवस काय झालं — एक पोर फाटकातून बाहेर पडलं! धावाधाव, आरडाओरडा! रसवंतीपाशी सापडलं, हसत होतं लबाड. पण शेवंताबाईंच्या तोंडून सगळ्यांदेखत निघून गेलं, "लक्ष कुठं होतं गं तुझं?"

झालं! एवढंसं वाक्य — आणि अबोला! आता निरोप कोण पोचवणार? बोबडी पोरं! "मावशी, त्या मावशी म्हनतात, मऊ भात झाला!"

वर्ष सरलं. एकीनं हो म्हटलं की दुसरी नाही म्हणे. शेवटी पालिका म्हणाली, "मिटवा, नाहीतर जागा सोडा." जागा गेली तर लेकरं कुठं? हातगाडीखाली, उन्हात!

गुर्जरांनी मनाशी ठरवलं होतं — दोन पाळणाघरं करायची, वेगवेगळी. तरी आधी एकेकीला बसवलं. म्हणाले, "बाई, वेगळं करायचं का? बोला. तुमचा शब्द माझ्यापाशीच राहील."

"करा वेगळं," शेवंताबाई म्हणाल्या. "फक्त एक करा, साहेब. तिला तळमजल्याची खोली द्या. गुडघे दुखतात तिचे. सांगायची नाही ती कुणाला."

मग हमीदाबी आल्या. "द्या वाटून! पण साहेब, शेवंताला एकटीला ठेवू नका. मालक गेल्यापासून रिकाम्या घराची भीती वाटते तिला. सोबतीला कुणीतरी द्या."

मंडळी, कळलं का? भांडण दोघींचं — आणि मागणं? एकमेकींसाठी!

गुर्जरांनी वाटणीचा बेत बाजूला ठेवला. पण सांगणार कसं? शब्द दिलेला! त्यांनी दोघींना समोरासमोर बसवलं. म्हणाले, "बायांनो, माझ्याकडे सल्ला नाही. मला जे सांगितलंत, ते एकमेकींना सांगा. एवढंच."

आत पाळणे करकरत होते. मग शेवंताबाई खाली बघत पुटपुटल्या, "गुडघ्याला तेल लावतेस का गं?"

हमीदाबींनी तोंडाला पदर लावला. "कोण लावून देणार? तू तर बघतसुद्धा नाहीस! त्या दिवशी पोर सापडलं, तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते, शेवंता. तू मान फिरवलीस."

"बघितलं असतं तर रडले असते गं!" शेवंताबाई म्हणाल्या. "तुझ्यावर नव्हते चिडले. घाबरले होते मी. भलतं काही झालं असतं, तर तू जन्मभर स्वतःला खात बसली असतीस — मला तेच दिसत होतं!"

आणि मग काय — दोघी गळ्यात गळा घालून रडल्या. पोरं घाबरली, तीही रडायला लागली! गुर्जर हळूच उठले, एक पाळणा रडत होता, त्याला झोका देत उभे राहिले. पाळणाघर एकच राहिलं. आजही आहे.

तर मंडळी, तुम्हालाच विचारतो. भावाशी बोलत नाही ना? जावेशी? हरकत नाही, राग असू द्या! पण त्याच्या दुखण्याची आठवण येते ना अधूनमधून? येते! मग ती मला सांगून काय उपयोग? देवालाही सांगू नका — त्याला ठाऊक आहे. ज्याचं दुखतंय, त्याच्या दारात जा. आणि त्यालाच विचारा, "बरं आहे का रे आता?"